गिळणारा राजा आणि देणारा राजा

‘टायटन’ म्हटले की आपल्याला घड्याळ आठवते. टाटा समूह आणि तामिळनाडू औद्योगिक विकास महामंडळ यांनी १९८४ मध्ये एकत्र येऊन ही कंपनी सुरू केली. पण हा शब्द मुळात प्राचीन ग्रीक पुराणकथांतला आहे. झ्यूस आणि ऑलिंपस पर्वतावरचे देव यांच्या आधी ज्यांचे राज्य होते, ते टायटन. मराठीत त्यांना काय म्हणावे? ‘राक्षस’ हा शब्द चटकन सुचतो, पण तो त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. अमरकोशात असुरांच्या नावांमध्ये ‘पूर्वदेव’ असे एक नाव दिले आहे. पूर्वदेव म्हणजे आधीचे देव. टायटनांना हे नाव अगदी शोभते. शिवाय त्यातून एक प्रश्नही समोर येतो : जो आज आसनावर बसला आहे, त्याने उद्या तिथून उठायचे कसे?

इ.स.पू. ७०० च्या सुमारास हेसिअड या ग्रीक कवीने देवांची वंशावळ सांगितली. त्याच्या मते सर्वांत आधी ‘केऑस’ ही अथांग पोकळी होती. मग गाया म्हणजे पृथ्वी, खोल पाताळ टार्टारस आणि प्रेमशक्ती इरॉस प्रकट झाले. गायापासून युरेनस म्हणजे आकाश झाले आणि त्या दोघांपासून बारा टायटन जन्मले. युरेनसला आपलीच मुले नकोशी होती. तो त्यांना पृथ्वीच्या पोटात दडपून ठेवू लागला. शेवटी धाकट्या क्रोनसने विळ्याने वार करून बापाची सत्ता घेतली.

आता क्रोनसला कळले की त्यालाही त्याचेच मूल पदच्युत करणार. म्हणून जन्मलेले प्रत्येक मूल तो गिळू लागला. पाच मुले अशी गेली. सहाव्या वेळी त्याची पत्नी रिया हिने बाळाला क्रीट बेटावर लपवले आणि कापडात गुंडाळलेला दगड त्याच्या हाती दिला. तोही त्याने गिळला! ही कथा वाचताना आपल्याला कंस आठवल्यावाचून राहत नाही. त्यानेही भविष्यवाणी ऐकली, पहारे बसवले, देवकीची बाळे मारली. आणि ज्याची भीती होती तो रातोरात गोकुळात पोहोचला.

पुढे झ्यूसने भावंडांना सोडवले. दहा वर्षे युद्ध झाले आणि टायटन टार्टारसमध्ये बंदिस्त झाले. मग भीती संपली का? नाही. पत्नी मेटिस हिच्या पोटी येणारा पुत्र आपले राज्य घेईल, असे झ्यूसलाही सांगण्यात आले आणि त्याने मेटिसलाच गिळून टाकले. आसनावरचा बदलला, पण भीती तीच राहिली.

याच प्रश्नाचे वेगळे उत्तर चेन्नईच्या दक्षिणेला मामल्लपुरममध्ये दगडात कोरलेले आहे. तिथल्या वराह गुंफेत पल्लवकालीन त्रिविक्रमाचे शिल्प आहे. अष्टभुज विष्णूचा एक पाय थेट वर उचललेला आहे आणि खाली पायाशी बळी व त्याचे सोबती बसले आहेत. बळी म्हणजे प्रल्हादाचा नातू, तिन्ही लोक जिंकलेला असुरराज. वामनाने तीन पावले जमीन मागितली तेव्हा गुरू शुक्राचार्यांनी त्याला सावध केले : हा विष्णू आहे, सर्वस्व घेईल, स्वतःच्या निर्वाहाचेही देऊन टाकणे हे दान नव्हे. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला विचाराल तर हा सल्ला हिशेबाला अगदी धरून आहे. तरीही बळीने शब्द मोडला नाही. तिसऱ्या पावलासाठी जागा उरली नाही, तेव्हा त्याने मस्तक पुढे केले.

बळीचेही राज्य गेलेच. पण भागवत सांगते की भगवंतांनी त्याला सुतल लोक दिला आणि स्वतः त्याच्या दारी पहारा दिला. आजही ओणमला चेन्नईतल्या मल्याळी घरांसमोर त्याच्या स्वागतासाठी फुलांची रांगोळी सजते आणि आपण दिवाळीत बलिप्रतिपदेला त्याचे पूजन करतो. महाराष्ट्रात तर शेतकऱ्यालाच बळीराजा म्हणतात. ग्रीकांनाही टायटनांची कायमची कैद मनोमन पटली नसावी. पिंडार या कवीच्या काव्यात झ्यूस त्यांना मुक्त करतो आणि क्रोनस पुण्यवंतांच्या बेटावर राज्य करताना दिसतो.

पुढच्या काळात लोकांनी क्रोनस या नावाचा संबंध ‘काळ’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी जोडला. काळ आपलीच अपत्ये, म्हणजे वर्षे, गिळतो, असा अर्थ रोमन विचारवंत सिसेरोने नोंदवला आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायात भगवंत स्वतःला काळ म्हणतात. काळ सर्वांचेच आसन काढून घेणार, हे ठरलेले आहे. आपल्या हाती एवढेच आहे की ते हिसकावले जाईपर्यंत धरून बसायचे, की वेळेवर देऊन टाकायचे.

हा प्रश्न केवळ राजांचा नाही. दुकानाच्या किल्ल्या मुलाकडे न देणारे वडील, स्वयंपाकघरात सुनेचा हात लागू न देणाऱ्या सासूबाई, वर्षानुवर्षे सांभाळलेली सेवा दुसऱ्याला न शिकवणारा साधक, यांपैकी कुणीही दुष्ट नसते. ‘हे माझ्याशिवाय नीट होणार नाही’ असे त्यांना मनापासून वाटते. क्रोनसलाही तसेच वाटले असेल. भीती बहुतेक वेळा जबाबदारीचे कपडे घालूनच येते.

हिशेबशास्त्रात सुरुवातीलाच शिकवतात की मालक वेगळा आणि धंदा वेगळा. ताळेबंदात मालकाचे भांडवलसुद्धा देण्याच्या बाजूला लिहितात, कारण धंद्याजवळ जे काही आहे ते कुणाचे तरी देणे आहे. आपले पद, कौशल्य, अधिकार, अगदी मुलेसुद्धा याच बाजूला लिहून पाहावीत. मग ‘माझे’ म्हणून मूठ आवळण्याची गरज उरत नाही आणि पुढे येणारा माणूस शत्रू वाटत नाही.

आज ध्यानाला बसण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारून पाहू या : माझ्याकडचे असे कोणते काम आहे, जे दुसऱ्याला शिकवायला माझे मन कचरते? उत्तर मिळाले, तर या आठवड्यात त्या कामातला एक छोटासा भाग कुणाच्या तरी हाती सोपवू या.