भिंतीवरची शिल्लक

भिंत रंगवावी की नाही हा नीतिशास्त्राचा प्रश्न आहे, असं मला गेल्या महिन्यापर्यंत वाटत नव्हतं. तो बजेटचा प्रश्न आहे, अशीच माझी समजूत होती.

आमचं मलकापूर म्हणजे कऱ्हाडला खेटून असलेलं. रेल्वे स्टेशनचं मलकापूर बुलढाण्याकडं, तिथं उतरून आमचं घर शोधू नये. या घराच्या स्वयंपाकघराचं रूप पालटावं असं सौभाग्यवतीच्या मनात आलं. फर्निचरवाल्यानं आकडा लिहून दिला, तेव्हा शेवटचं शून्य चुकून पडलं असेल म्हणून मी तो कागद उजेडात धरून पाहिला. कारकुनाची सवय. शून्य अस्सल होतं.

मग असं ठरलं, की कडाप्प्याचा ओटा आहे तोच, शहाबादी फरशी आहे तीच. भिंतींना रंग, फडताळाच्या दारांना ऑइलपेंट, नवी हँडलं, आणि मजूर अस्मादिक.

रंग देणं म्हणजे रंग देणं नव्हे, हे पहिल्याच रविवारी कळलं. आधी धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून तेलकट काजळी उतरवायची, कारण चिकटावर रंग धरत नाही. मग पोपडे खरवडा, लांबी भरा, पॉलिश पेपरनं घासा, प्रायमर मारा. ज्या डब्यासाठी एवढा खटाटोप तो उघडायचा सगळ्यात शेवटी. मोरीजवळची भिंत ओली होती. "मारून टाकू तशीच," मी म्हणालो. आत नळ झिरपत असताना वरून रंग चढवला तर एका पावसाळ्यात फुगून येतो, हे शेजारच्या पेंटरनं फुकट सांगितलं. आमच्या धंद्यात मार्चअखेरीला ताळेबंद नटवतात, त्याला विंडो ड्रेसिंग म्हणतात. त्याचेही पोपडे एप्रिलात सुटतात. मुकाट्यानं प्लंबर बोलावला.

दुसऱ्या रविवारी कोपऱ्यातला पिठाचा मोठा डबा सरकवला आणि हात थांबला. मागं भिंतीवर पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या. काही खोडलेल्या, काही नुसत्या. आईचा दुधाचा हिशेब! लहानपणी ओझरता पाहिलेला.

"एवढा भाग सोडायचा," मी जाहीर केलं.

"का?"

१८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं ८७ वं कलम मी तिला ऐकवलं. दस्तऐवजात महत्त्वाचा बदल केला, तर त्याला संमती न देणाऱ्या पक्षापुरता तो रद्द होतो. तिच्यावर परिणाम झाला नाही. मग मी खिडकीतून दिसणाऱ्या आगाशिवाच्या डोंगराकडं बोट दाखवलं. "तिथली बौद्ध लेणी दोनेक हजार वर्षांची आहेत. जाऊन चुना फासतेस का?"

"अहो, ते भिक्षू भिक्षा मागून जेवत होते," ती म्हणाली. "त्यांना तिथं दोन वेळचा स्वयंपाक करायला नव्हता. मला आहे. अठरा वर्षं तुमच्या आठवणींच्या काजळीत मी फोडण्या देतेय."

याला उत्तर नव्हतं. ज्याला त्या भिंतीसमोर उभं राहावं लागत नाही त्यानंच ती जपायचा आग्रह धरावा, हा न्याय कुठला? तरी हरायचं नाही म्हणून मी आईला साक्षीला बोलावलं.

आईनं चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"दुधाचा कसला? तुझ्या बाबांची नोकरी गेली होती ना, तेव्हाचं आहे हे. शेजारच्या काकूंकडून वाटी वाटी साखर आणायची. परत केली की रेघ खोडायची."

"मग वहीत का नाही लिहिलंस?"

"वही ते वाचायचे," आई म्हणाली. "पूस ते. इतकी वर्षं डब्यानं झाकलं, आता रंगानं झाक."

मी सौभाग्यवतीकडं पाहिलं. ती म्हणाली, "लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी आईंनी मला बजावलं होतं, तो डबा हलवायचा नाही."

म्हणजे जो ऐवज मी कायद्याचा आणि लेण्यांचा आधार घेऊन वाचवत होतो, तो आईनं एवढी वर्षं दडवलेला कमीपणा होता. मला तो गोड वाटत होता, कारण ती साखर मी खाल्ली होती. मागायला ती गेली होती.

ब्रश भिजवला. पण डोळ्याला जित्याची खोड. मोजलं. बत्तीस रेघा, खोडलेल्या तीस.

"आई, दोन वाट्या बाकी आहेत."

"ठाऊक आहे. काकू मुलाकडं उंब्रजला गेल्या, मग राहिलंच."

"बुडीत खात्यात टाकू. त्यांना आता आठवतसुद्धा नसेल."

आईनं माझ्याकडं असं पाहिलं, की बँकेतली वीस वर्षांची नोकरी फुकट गेल्यासारखी वाटली. "त्यांना आठवत नसेल," ती म्हणाली. "मला आठवतंय ना?"

आता स्वयंपाकघर फिकट पिवळं झालं आहे, येणारे-जाणारे खर्च विचारतात. पिठाचा डबा पलीकडं गेला आहे. कोपऱ्यात दोन रेघांपुरती जागा मात्र तशीच आहे, आणि तिच्यावर सौभाग्यवतीनं आमच्या बँकेचं कॅलेंडर टांगलं आहे. आमच्याकडं याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात.

रविवारी उंब्रजला जायचं आहे. काल आई पिशवीत साखर मोजून घालत होती. वाटी शिगोशीग.

"त्यांनी अशीच भरून दिली होती का गं?"

"सपाट," आई म्हणाली, आणि दुसरी वाटी भरायला घेतली.