आजीने घर सोडावे का?



गेल्या महिन्यात पवित्र मिस्सेनंतर एका मुलाने मला बाजूला घेतले. मुलगा म्हणजे पन्नाशीचा गृहस्थ, सुरतेला नोकरीला. आई गावी एकटी. गावाला लागून असलेली टेकडी फोडून तिथे खडी काढतात, क्रशर दिवसभर चालतो. "फादर, तिचा खोकला थांबत नाही. डॉक्टर म्हणतात, धुळीपासून दूर न्या. आमचे ऐकत नाही, तुमचे ऐकेल."

मी कम्युनियन घेऊन गेलो. आजीने पदराने खाट पुसली आणि म्हणाली, "बसा फादर." सकाळीच झाडलेल्या घरात पुन्हा बोट उमटेल इतकी धूळ होती. सुरुंगांनी भिंतीला तडे गेलेले. मी विषय काढणार तोच ती म्हणाली, "माले आठेच राहू द्या." नवऱ्याची कबर इथे आहे, शेजारीण रोज ताक आणून देते, आणि सुरतेच्या चौथ्या मजल्यावर दिवसभर बोलायचे कोणाशी?

मी काहीच न बोलता परत आलो. मुलगा नाराज झाला. त्या न बोलण्याचा हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

सेमिनरीत असताना ॲरिस्टॉटलचे एक उदाहरण शिकलो होतो. वादळात सापडलेला नाविक जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात फेकतो. हे त्याने स्वखुशीने केले का? हात त्याचेच, निर्णयही त्याचाच. पण निरभ्र आकाशाखाली कोणी आपला माल पाण्यात टाकत नाही. अशा कृतीला ॲरिस्टॉटल संमिश्र म्हणतो. संत थॉमस अक्वायनस यांनीही भीतीपोटी केलेल्या कृतींचा विचार याच वाटेने केला आहे.

आजीचे तसेच आहे. तिने घर निवडले आहे, धूळ निवडलेली नाही. पण तिचे राहणे लोक कसे वाचतात पाहा. "म्हातारी आनंदाने राहतेच आहे की, मग त्रास कसला?" असे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. तिच्या मायेचा असा संमतीपत्रासारखा वापर होतो, याचे मला जास्त वाईट वाटते. शिवाय नाविकाचे वादळ कोणी केलेले नव्हते. हे वादळ वीज जोडून सुरू केले जाते आणि संध्याकाळी बंद होते.

ऑस्ट्रेलियात विटेनूम नावाचे गाव होते. तिथली निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण १९६६ साली बंद पडली, पण त्याचे तंतू मातीत राहिले. ते फुप्फुसात गेले की कॅन्सर कित्येकदा तीस-चाळीस वर्षांनी दिसतो. सरकारने लोकांना हलवले, वीज तोडली, २००७ मध्ये गावाचा दर्जाही काढून घेतला. तरी एक वृद्ध स्त्री राहिली होती. २०२२ मध्ये कायदा करून तिला बाहेर काढण्यात आले. मला ते अन्यायाचे वाटत नाही, कारण तो परिसर आता झाडून-पुसून साफ होण्यासारखा राहिलेला नाही. (ज्यांची ती पूर्वापार भूमी, त्या बंजिमा आदिवासींना मात्र खाण सुरू करताना कोणी विचारले नव्हते.)

आमच्या आजीच्या गावाची स्थिती तशी नाही. क्रशरला आच्छादन घालणे, वारा अडवणारी भिंत बांधणे, खडीवर आणि रस्त्यावर पाणी मारणे, कडेने झाडे लावणे, हे सगळे नियमांतच लिहिलेले आहे. जे थांबवता येते ते न थांबवता म्हातारीला गाठोडे बांधायला सांगणे म्हणजे चोराला सोडून घरमालकाला घर बदलायला लावणे. म्हणून मी गप्प बसलो. पण नुसते गप्प बसून भागत नाही, हेही मला कळते. तिची रात्र खोकण्यात जाते.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात, ऐंशी वर्षांचा बर्जिल्लय भेटतो. संकटकाळी त्याने दावीद राजाला अन्नधान्य पुरवले होते. राजा म्हणतो, माझ्याबरोबर यरुशलेमला चल. म्हातारा नाही म्हणतो: आता अन्नाची चव कळत नाही, गाणे ऐकू येत नाही, मला आईवडिलांच्या कबरीजवळ मरू द्या. दावीद त्याला ओढून नेत नाही, त्याचे चुंबन घेऊन निरोप देतो. पण किम्हाम या तरुणाला म्हातारा स्वतःच राजाबरोबर पाठवतो.

तेवढ्या एका बाबतीत मी दुसऱ्या भेटीत आजीशी स्पष्ट बोललो. मे महिन्यात नातवंडे तिच्याकडे असतात. आपल्या उरलेल्या दिवसांचा निर्णय तिचा; पण सहा वर्षांच्या पोराच्या फुप्फुसांचा निर्णय तिला घेता येणार नाही. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मग मी त्यांना कधी पाहायचे?" याचे उत्तर मी मुलाकडे मागितले आहे. दर महिन्याला येईन, असे त्याने कबूल केले आहे.

प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि तहसीलदार साहेबांना द्यायचा अर्ज तयार आहे. आजच्या मिस्सेनंतर तो माझ्या टेबलावर ठेवला आहे; ज्यांना सही करायची असेल त्यांनी करावी. पहिला अंगठा आजीचा आहे. तिने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि विचारले, "यात माझा खोकला लिहिला, पण गोठ्यातल्या गायीचा कुठे आहे?" तो मी हाताने खाली लिहिला आहे.