मातीचे कबूतर

बंदुकीचा छंद ख्रिस्ती माणसाला शोभतो काय, हा प्रश्न पूर्वी आपल्या मंडळ्यांत फारसा कोणी विचारला नाही. बंदूक ही शिपायाची, पोलिसाची, फार तर एखाद्या जहागीरदाराची वस्तू. आपला तिच्याशी संबंध आला तर जत्रेत फुगे फोडण्यापुरता. भोपाळमध्ये राहणाऱ्या आम्हांला मात्र आता हा प्रश्न टाळता येत नाही. शहराबाहेर, बिशनखेडीजवळ गोरा गावी मध्य प्रदेश शासनाची नेमबाजी अकादमी आहे. मार्च २०२३ मध्ये भोपाळात रायफल व पिस्तूल नेमबाजीची विश्वचषक स्पर्धा भरली होती. पदके मिळवणाऱ्या मुलामुलींची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. अशा वेळी आपल्याच घरातील एखाद्या मुलाने "मलाही बंदूक चालवायला शिकायचे आहे" असे म्हटले, तर त्यास काय सांगावे? दर रविवारी मुलांकडून सहावी आज्ञा पाठ करून घेणाऱ्या संडेस्कूलच्या शिक्षकाने काय उत्तर द्यावे?

नेमबाजीचे प्रकार पुष्कळ आहेत. येथे आपण उडत्या तबकडीवर छऱ्यांच्या बंदुकीने नेम धरण्याच्या खेळाचा विचार करू. कारण हा खेळ थेट शिकारीतून निघाला आहे आणि म्हणून आपला प्रश्न त्यात अधिक उघडपणे दिसतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे बरे. 'ट्रॅप' नावाच्या प्रकारात खेळाडू दुनळी बंदूक खांद्याला लावून उभा राहतो. त्याच्यापुढे १५ मीटरांवर एक खंदक असतो व त्यात तबकड्या फेकणारी यंत्रे बसवलेली असतात. खेळाडूने आवाज दिला की त्यासरशी एक तबकडी उडते. ती डावीकडे जाईल, उजवीकडे जाईल की समोर जाईल, हे त्यास अगोदर ठाऊक नसते. तबकडीचा व्यास ११० मिलिमीटर, वजन सुमारे १०५ ग्रॅम. ती ७६ मीटरांपर्यंत जाईल इतक्या वेगाने फेकलेली असते. काडतुसात २४ ग्रॅम वजनाचे शिशाचे बारीक छर्रे असतात. डोळ्यांना दिसेल असा तबकडीचा एक तुकडा जरी उडाला तरी गुण मिळतो. एका फेरीत अशा २५ तबकड्या. सारा निर्णय एका क्षणाचा असतो.

इंग्रजीत ह्या तबकडीला मातीचे कबूतर म्हणतात. वास्तविक ती आज मातीची नसते. डांबरासारखा पदार्थ व चुनखडीची भुकटी यांपासून ती बनवतात. कबूतर तर ती नाहीच. परंतु हे नाव उगाच पडलेले नाही. पूर्वी ह्या खेळात खरी कबुतरे मारीत असत. पेटीत जिवंत कबूतर कोंडायचे, दोरीने झाकण उघडायचे, आणि ते उडाले की त्यावर बार काढायचा. त्या पेटीला 'ट्रॅप' म्हणत. तेच खेळाचे नाव झाले. सन १९०० मध्ये पॅरिस येथे ऑलिंपिकच्या वेळी अशी स्पर्धा झाली आणि बेल्जमच्या विजेत्याने २१ कबुतरे पाडली. इंग्लंडात हा प्रकार १९२१ साली कायद्याने बंद झाला. अमेरिकेत तर प्रवासी कबूतर नावाच्या जातीचे पक्षी जाळ्यात धरून हजारोंच्या संख्येने ह्या सामन्यांसाठी नेत. जंगलतोड व बाजारासाठी होणारी बेसुमार शिकार यांमुळे ती जात नष्ट झाली. सामन्यांनीही त्यास हातभार लावला. तिचा शेवटचा पक्षी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटी शहराच्या प्राणिसंग्रहालयात मेला. आणि पाहा, त्याच सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की नावाच्या गृहस्थाने १८८० साली मातीची उडती तबकडी शोधून काढली होती! उपाय सापडला होता. परंतु त्या जातीला वाचवण्यास तो पुरेसा ठरला नाही.

कबुतराचे स्थान पवित्र शास्त्रात कोठे आहे, हे आपणांस ठाऊक आहे. ज्याला कोकरू परवडत नसे त्या गरिबाचे ते अर्पण होते. मरीया व योसेफ ह्यांना बाळ येशूसाठी मंदिरात जाताना तेवढेच अर्पण परवडले. चिमण्या तर त्याहून स्वस्त. तरी त्यांतली एकही पित्याला ठाऊक नसता भूमीवर पडत नाही, असे प्रभूने शिकवले. माणसाने मात्र जे स्वस्त ते खेळण्यासाठी आहे असे मानले. येथेच आपल्या विषयाचे मूळ आहे. म्हणून कोणत्याही छंदाला आपण तीन प्रश्न विचारावे असे आम्हांस वाटते. त्यात मोडते काय? त्यातून घडते काय? आणि मागे उरते काय?

पहिला प्रश्न, मोडते काय? जेथे जीव जात होता तेथे आता डांबराची चकती फुटते. ही गोष्ट लहान नाही. यशया संदेष्ट्याने तलवारींचे नांगराचे फाळ झालेले पाहिले. येथे बंदुकीचा फाळ झालेला नाही. ती बंदूकच राहिली आहे, पण तिने मारणे सोडले आहे. अर्धी वाट चालून आलेल्याला आपण माघारी लोटीत नाही.

कोणी म्हणेल, "पक्षी नाही मेला, पण मारण्याची हौस तर तीच ना? प्रभूने पापाचा उगम अंतःकरणात दाखवला. मग मनातली शिकार ही शिकार नव्हे काय?" हा आक्षेप खरा विचार करण्याजोगा आहे. परंतु शेताच्या बांधावर ठेवलेल्या डब्यावर गोफणीने दगड मारणारा पोरगा डब्याचा द्वेष करीत नसतो. डोळा आणि हात यांचे जमले, ह्याचा तो आनंद असतो. हा आनंद देवाने दिलेला आहे. सुताराला खिळा सरळ बसला की तोच होतो. मग हा आनंद आणि मारण्याची हौस ह्यांत फरक कसा करावा? स्वतःला एवढेच विचारावे: उद्या तबकडीच्या जागी जिवंत पारवा उडाला, तर माझा आनंद मावळेल की वाढेल? मावळत असेल तर तो खेळ आहे. वाढत असेल तर तबकडी ही केवळ सोय आहे. मन अजून जुन्या पेटीशीच उभे आहे.

शब्दांकडेही लक्ष द्यावे. इंग्रजी बोलणारे खेळाडू अजूनही तबकडीला पक्षी म्हणतात आणि ती फुटली की 'मेली' म्हणतात. बोली ही सवय असते, आणि सवय मनाला वळण लावते. आपल्या मुलांनी "फुटली" म्हणावे, "मारली" म्हणू नये. एवढ्या बारीकसारीक गोष्टींनी काय होणार, असे वाटेल. पण मुलांना शिकवणाऱ्याचे सारे काम बारीकसारीक गोष्टींचेच असते.

दुसरा प्रश्न, घडते काय? ह्या खेळात काही चांगल्या गोष्टी घडतात, त्या प्रामाणिकपणे मान्य केल्या पाहिजेत. दुनळी बंदूक मध्ये बिजागरीवर उघडते. मैदानावर चालताना ती उघडीच ठेवावी लागते, म्हणजे नळ्या रिकाम्या आहेत हे प्रत्येकाला दिसते. आपल्या जागेवर उभे राहिल्यावरच काडतूस भरायचे. माणसाकडे नळी वळवणे हा रिकाम्या बंदुकीनेही अपराध. ज्याच्या हातात दुसऱ्याला इजा करण्याचे सामर्थ्य आहे, त्याने ते सर्वांना दिसेल असे उघडे ठेवावे, हा धडा बंदूक न धरणाऱ्यांनाही उपयोगी आहे. पैसा, पद आणि जीभ यांनाही तो लागू पडतो.

तसेच कोणाला संधी मिळते, हेही पाहावे. पूर्वी ह्या परिसरात बंदुकीचा शौक नवाबांचा होता. भोपाळचे शेवटचे राज्यकर्ते नवाब हमीदुल्ला खान शिकारीसाठी व पोलोसाठी प्रसिद्ध होते. देशातही तबकडीचा खेळ राजघराण्यांतून आला. बिकानेरचे महाराजा करणीसिंग ह्यांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. पतियाळा घराण्यातील रणधीरसिंग ह्यांनी १९७८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. आणि पुढे? गोरा गावाची मनीषा कीर ही भोपाळच्या मोठ्या तलावात मासे धरणाऱ्या कोळ्याची मुलगी. तिने २०१८ साली कोरियातील चांगवान येथे जागतिक स्पर्धेच्या कनिष्ठ गटात ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवले. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला ट्रॅप संघाला रौप्य मिळाले. त्या संघात ही मनीषा होती, इटारसीची प्रीती रजक होती, आणि त्याच रणधीरसिंगांची कन्या राजेश्वरी कुमारीही होती. कोळ्याची मुलगी व राजघराण्यातील मुलगी एका रांगेत उभ्या राहिल्या आणि तिघींचे गुण एकत्र मोजले गेले. शासनाने बंदूक व काडतुसे पुरवली नसती तर हे घडले नसते. कारण हा छंद फार खर्चाचा आहे. ज्याला तो स्वतःच्या पैशाने करणे परवडते, त्याने प्रत्येक बारासरशी जळणाऱ्या पैशाचाही हिशेब देवापुढे आहे हे विसरू नये.

परंतु कौशल्य म्हणजे सद्गुण नव्हे. शास्ते ह्या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात बन्यामीन वंशातील सातशे डावखुऱ्या पुरुषांचा उल्लेख आहे. केसाएवढ्या निशाणावर गोफणीने धोंडा मारला तरी त्यांचा नेम चुकत नसे. तेथे 'चुकणे' ह्यासाठी जो इब्री शब्द आहे, तोच शब्द शास्त्रात इतरत्र 'पाप करणे' ह्या अर्थाने येतो. नव्या करारातील पाप ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दाचे मूळही निशाण चुकण्यातच आहे. आणि ते सातशे कोणासाठी लढत होते? गिबा गावात एका असहाय स्त्रीवर अत्याचार करून तिचा जीव घेणाऱ्या अधम लोकांना पाठीशी घालण्यासाठी! केस न चुकणारे सातशे जण सर्वांत मोठे निशाण चुकले. मुलाला नेम शिकवताना ही गोष्ट त्यास अवश्य सांगावी. हात स्थिर झाला म्हणजे मन सरळ झाले असे नाही. त्यासाठी वेगळे शिक्षण लागते, आणि ते घराचे व मंडळीचे काम आहे.

तिसरा प्रश्न, मागे उरते काय? आमच्या मते आज सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे, आणि त्याचा विचार सर्वांत कमी होतो. प्रत्येक काडतुसात २४ ग्रॅम शिसे. २५ तबकड्यांच्या एका फेरीत, दुसरा बार एकदाही काढला नाही तरी, ६०० ग्रॅम शिसे जमिनीवर पडते. दिवसाला शंभर काडतुसे उडवणारा एक खेळाडू २ किलो ४०० ग्रॅम शिसे टाकतो. तीनशे दिवसांत ७२० किलो. शिसे विषारी आहे. पक्षी दाणे दळण्यासाठी बारीक खडे गिळतात. खडा समजून छर्रा गिळला की तो पोटात झिजतो आणि विष अंगात भिनते. म्हणजे ज्या पक्ष्याला तबकडीने वाचवले, त्यालाच छर्रा मागाहून मारू शकतो. ह्यावर उपाय नाही असे नाही. डेन्मार्कने १९९६ पासून शिशाचे छर्रे बंद केले. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी त्यांना मनाई केली. मैदानातले शिसे गोळा करून पुन्हा वापरताही येते. ऑलिंपिकच्या खेळात मात्र शिसेच चालते.

आमचा मोठा तलाव २००२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. त्याच्या काठी सारस येतात, हिवाळ्यात परदेशी बदके उतरतात, आणि त्याचेच पाणी भोपाळकर पितात. कोणत्याही मैदानावर आम्ही येथे आरोप करीत नाही. परंतु मागे काय उरते हा प्रश्न विचारण्याचा हक्क भोपाळइतका कोणत्या शहराला असेल? २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू आला आणि गेला. कारखान्याच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा मात्र जानेवारी २०२५ पर्यंत तेथेच होता, आणि त्यानंतर तो पीथमपूरला नेऊन जाळण्यात आला. दोन्ही गोष्टी सारख्या नव्हेत, हे उघड आहे. पण काम आटोपल्यावर जमिनीत जे राहते ते आपले नव्हे, असे म्हणण्याची वृत्ती दोन्हीकडे शिरू शकते. म्हणून छंद ज्याचा, सफाईची काळजीही त्याचीच.

तर मग त्या मुलाला काय सांगावे? आम्हांस वाटते, त्यास जाऊ द्यावे. मात्र एकटे जाऊ देऊ नये. आईबापांपैकी कोणी एकदा मैदानावर जाऊन पाहावे. शिस्त कशी आहे, शिकवणारा चुकलेल्या मुलाशी कसा बोलतो, पडलेल्या शिशाचे काय करतात, हे विचारावे. घरी कधी परवान्याची बंदूक आलीच तर ती आणि काडतुसे निरनिराळ्या कुलपांत ठेवावी, व राग आलेल्या कोणाच्याही हाती किल्ली देऊ नये. आणि संडेस्कूलच्या शिक्षकांनी बेचकी घेऊन चिमण्यांमागे धावणाऱ्या मुलाला नुसते रागावू नये. त्याच्यासाठी कुंपणावर एक रिकामा डबा ठेवावा. डबा वाजला की त्यास शाबासकी द्यावी, आणि मग विचारावे, "बाळ, चिमणीला लागला असता तर?" तो काय उत्तर देतो ते शांतपणे ऐकावे आणि तेथूनच पुढचा पाठ सुरू करावा.