पक्ष्याचा एकान्त व मनुष्याची दृष्टी

ज्या प्राण्याचे रक्षण करावे असे आपण म्हणतो, त्यास पाहण्याचा अधिकार आपणांस कोठवर आहे? वाचकहो, प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु कॅनडा देशाच्या उत्तरेकडील एका पाणथळीचा वृत्तान्त ऐकावा.

व्हूपिंग क्रेन नावाचा, सारसाच्या कुळातील एक शुभ्र पक्षी आहे. उंची सुमारे ५ फूट. पंख पसरले असता ७ फुटांहून अधिक. शिकारीमुळे, व दलदली आटवून शेते केल्यामुळे, त्याचा असा संहार झाला की १९४१ साली रानात अवघे वीस-बावीस पक्षी उरले. त्यांतील बहुतेक हिवाळ्यात टेक्सासच्या किनाऱ्यावर अरान्सास येथे येत, आणि तेथे १९३७ सालीच राखीव क्षेत्र झाले होते. पण उन्हाळ्यात ते अंडी कोठे घालतात हे कोणास ठाऊक नव्हते. वसंतात ते उत्तरेस जात व शरदात, जितके उरत तितके, परत येत. शेवटी १९५४ साली वूड बफेलो राष्ट्रीय उद्यानावरून वणव्याच्या कामानिमित्त उडणाऱ्या हेलिकॉप्टरमधील माणसांस हे पक्षी खाली दिसले. पुढील वर्षी रॉबर्ट पोर्टर ॲलन हा पक्षिशास्त्रज्ञ तेथे जमिनीवरून जाऊ लागला, तेव्हा नदी ओंडक्यांनी अडलेली व चोहोंकडे चिखल. पोहोचण्यास त्यास फार कष्ट पडले.

तेव्हा आकाशातून पाहणे हे येथे केवळ कुतूहल नव्हे. लव्हाळ्यांतील घरटे वरूनच दिसते, वरूनच मोजता येते, आणि छायाचित्र घेतले म्हणजे मोजणारास घिरट्या घालीत बसावे लागत नाही. परंतु यंत्र फार खाली आले तर पक्षी भिऊन उठतो व अंडी उघडी पडतात. उपकार करावयास गेलेला असा अपकार करून येतो, आणि पक्ष्यास तर दोघांतील भेद कळत नाही!

मोशेच्या नियमशास्त्रात वाटेवर घरटे सापडल्यास पिल्ले घेण्याची मुभा आहे, परंतु पिल्लांसह आईस धरण्याची नाही. ज्यास सापडले त्याच्या हातास मर्यादा घातली आहे. ह्या पक्ष्याच्या बाबतीतही काहीसे तसेच घडले. तो बहुधा दोन अंडी घालतो, पण पिल्लू बहुधा एकच वाढते. म्हणून १९६७ पासून काही घरट्यांतून एकेक अंडे उचलून मेरीलँड प्रांतातील पटक्सेंट येथे पिल्ले वाढविण्यात आली. दुसरे अंडे आईपाशीच राहिले. मला हे न्याय्य वाटते. आज त्या रानातील थव्यात पाचशेहून अधिक पक्षी आहेत.

कठीण प्रश्न निराळाच आहे. नुसत्या सौंदर्यासाठी चित्र घ्यावे काय? कोणी म्हणेल, ती निव्वळ हौस. मी तसे म्हणणार नाही. जी पाणथळ कोणी पाहणार नाही, तिजसाठी दूरच्या नगरातील करदाता पैसा का देईल? चित्र पाहिल्याने त्याचे मन द्रवते, व हा लाभ खोटा नव्हे. मात्र गणतीच्या फेरीतच, पक्षी घरट्यावर स्वस्थ बसून राहील अशा उंचीवरून जे मिळेल ते घ्यावे. अधिक ठसठशीत चित्रासाठी दुसरी फेरी खाली मारणे म्हणजे त्याच्या एकान्ताची चोरी होय. शिवाय त्या चित्रात घरटे करणारा पक्षी दिसत नाही, भ्यालेला दिसतो.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात सारस धानाच्या बांध्यांत घरटे करितो. तेथे विमान लागत नाही. पहाटे बांधावर उभे राहून गावकरी व पक्षिमित्र त्याची गणती करितात. परंतु आता ड्रोन कोणासही विकत मिळतो, आणि बांधावरचा शेतकरी त्यास वरून उडताना पाहतो तेव्हा तो कोणाचा व कशासाठी आला, हे त्यास विचारता येत नाही.