झाडपाल्याचें औषध निर्दोष आहे काय ?

शेतकरी बंधूंच्या तोंडीं अलीकडे एक वाक्य वारंवार ऐकूं येतें : "हें झाडपाल्याचें आहे, ह्यापासून काय अपाय होणार ?" कारखान्यांतील विषारी औषधांविषयीं लोकांस भय वाटतें, तें रास्त आहे. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करितांना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व मजूर प्राणास मुकले. परंतु जें सृष्टींतून आलें तें सर्व निरुपद्रवी, ही जी समजूत त्या भयांतून उपजली आहे ती तपासून पाहिली पाहिजे. ती आमचीही होती, आणि तिचा भुर्दंड दुसऱ्यास सोसावा लागला.

दोन वर्षांपूर्वीं पौष महिन्यांत आमच्या मंडळींतील एका गृहस्थाच्या हरभऱ्यावर घाटेअळी पडली. ही अळी घाट्यास भोंक पाडून अर्धें अंग आंत घालिते व दाणा फस्त करिते. तंबाखूचा काढा फवारावा काय, असें त्यानें आम्हांस विचारिलें. आम्हीं म्हटलें, "वनस्पतीच ती, खुशाल फवारा." त्याच्या थोरल्या मुलानें उघड्या अंगानें फवारणी केली, आणि वारा समोरून होता. सायंकाळीं मुलास भोंवळ आली, ओकाऱ्या सुरू झाल्या, हातपाय कांपूं लागले. वेळेवर दवाखान्यांत नेल्यामुळें तो वांचला. तंबाखूंतील निकोटिन हें विष कातडींतून अंगांत शिरतें. ओलीं पानें तोडणाऱ्या मजुरांसही त्याची बाधा होते. हें ठाऊक नसतां आम्हीं सल्ला दिला होता. बाप इतकेंच म्हणाला, "पाळकसाहेब, तुम्ही चांगल्या मनानें सांगितलेंत." हे शब्द आम्हांस दोषारोपाहून अधिक लागले. मन चांगलें होतें खरें, पण चौकशी केलेली नव्हती.

मग झाडपाला टाकून द्यावा काय ? मुळींच नाहीं. कडुनिंबाचेंच पाहा. वाळलेल्या निंबोळ्या कुटून त्यांचा ५ किलो भुगा रात्रभर पाण्यांत भिजवावा, सकाळीं फडक्यानें गाळावा, थोडें साबणाचें पाणी घालून एकंदर १०० लिटर करावें, आणि ऊन उतरल्यावर फवारावें. कारण उन्हानें अर्काचें सत्त्व लवकर नाश पावतें. ह्या अर्कानें अळी तत्काळ मरत नाहीं. ती खाणें सोडते, व कात टाकण्याच्या वेळीं तिच्या वाढींत बिघाड होतो. म्हणून जो दुसऱ्याच दिवशीं मेलेल्या अळ्या मोजावयास जातो तो निराश होतो. अंड्यांतून नुकत्या निघालेल्या अळ्यांवर हा उपाय चालतो. मोठ्या झालेल्या अळ्यांवर फारसा चालत नाहीं. तथापि ह्याच निंबोळीचें तेल तान्ह्या मुलांस पाजल्यानें विषबाधा झाल्याचीं उदाहरणें आहेत. झाड एकच, कोणी, किती व कशासाठीं वापरिलें, ह्यावर हित अगर अहित ठरतें.

अळी मारणें योग्य काय, असेंही कोणी विचारितात. लेंकरांच्या मुखींचा घांस राखणें हें घरधन्याचें कर्तव्यच आहे, असें आमचें मत आहे. परंतु त्यास मर्यादा असावी. आधीं शेतांत फिरून ओळी पाहाव्या. ओळीच्या एका मीटरांत एकदोन अळ्या आढळूं लागल्या म्हणजे फवारणीची वेळ आली, असें कृषितज्ज्ञ सांगतात. त्यापूर्वीं काठ्या रोवून पांखरांस बसावयास जागा करून द्यावी. अळ्या वेंचण्याचें पुष्कळसें काम तींच करितात. जो मोजल्यावांचून फवारितो, तो अळीबरोबर तिच्या शत्रूंचाही नाश करितो.

आमच्या उपदेशक बंधूंस शेवटीं एक विनंती. गांवचे लोक आपणांस शेतीविषयींही विचारितात, तें आपण शेतींत निष्णात आहों म्हणून नव्हे, तर आपला शब्द खोटा असणार नाहीं असा त्यांस भरंवसा आहे म्हणून. त्या भरंवशामुळें आपलें अज्ञान इतरांच्या अज्ञानाहून अधिक घातक होतें. "मला ठाऊक नाहीं, विचारून सांगतों," असें म्हणण्यांत कमीपणा नाहीं. यंदा त्याच गृहस्थानें पुन्हां विचारिलें, तेव्हां आम्हीं प्रथम तालुक्याच्या कृषि अधिकाऱ्यांकडे गेलों व मग उत्तर दिलें. मुलानें निंबोळीचा अर्क फवारिला, तोही पुऱ्या बाह्यांचा सदरा घालून, तोंडास फडकें बांधून व वाऱ्याकडे पाठ करून.