भाऊबीजेच्या पहाटेचा ‘एस’

आमची करजगी अफजलपूर तालुक्यातली. हे सांगावं लागतं, कारण दुसरी एक करजगी हावेरीजवळ आहे, तिथं रेल्वे स्टेशन आहे, आणि तिसरी सांगली जिल्ह्यात, जतकडे. पाकिटावर तालुका लिहायचा राहिला तर पत्र आधी दुसऱ्या करजगीचं पाणी पिऊन येणार, हे आम्ही लहानपणापासून धरून चाललो होतो.

विमानांच्या दुनियेत ही भानगड चार अक्षरांत मिटवली आहे. सोलापूर म्हणजे व्हीएएसएल, कलबुर्गी म्हणजे व्हीओजीबी, बीदर म्हणजे व्हीओबीआर. दुसरं अक्षर ए असेल तर पश्चिम भारत, ओ असेल तर दक्षिण. सोलापूरहून कलबुर्गीला रेल्वेने जाताना दोन-अडीच तासांत भाषा बदलते, पाट्या बदलतात, चहाचा पेला बदलतो; संकेतात मात्र हा सगळा फरक एका दुसऱ्या अक्षरात उरकतो. बेळगावचा संकेत पूर्वी व्हीएबीएम होता, आता व्हीओबीएम आहे. सीमाप्रश्नावर इतके मोर्चे निघाले, पण ‘ए’चा ‘ओ’ झाला म्हणून कुणी घोषणा दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. गुलबर्ग्याचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून कलबुर्गी झालं, विमानतळावरून प्रवासी विमान उडालं २२ नोव्हेंबर २०१९ला, तरी संकेतात जीबी आहेच. नवं नाव आलं, अक्षरं गुलबर्ग्याची राहिली. संकेत बदलणं नाव बदलण्यापेक्षा अवघड असतं, आणि संकेत तसाच ठेवून त्याचा अर्थ बदलणं त्याहून अवघड. मला लिहायचंय ते या तिसऱ्या प्रकाराबद्दल.

विमान उडण्याआधी हवाई वाहतूक नियंत्रणाकडे एक ठरावीक फॉर्म दाखल करावा लागतो, तो फ्लाइट प्लॅन. सातव्या रकान्यात विमानाची ओळख, नवव्यात प्रकार, दहाव्यात विमानात कोणती उपकरणं आहेत त्याची अक्षरं, पंधराव्यात वेग, उंची आणि मार्ग, अठराव्यात ‘इतर माहिती’. एकोणिसाव्यात इंधन किती तास पुरेल, आत माणसं किती आणि विमानाचा रंग कोणता. हा शेवटचा रकाना फॉर्मबरोबर पुढे पाठवत नाहीत. निघाल्या ठिकाणी जपून ठेवतात आणि विमान वेळेत पोचलं नाही तरच तो शोधणाऱ्यांच्या हाती जातो.

हा फॉर्म टेलिप्रिंटरच्या काळात घडलेला आहे. एका ओळीत ६९ अक्षरं, एका संदेशात १८००, सगळी कॅपिटल. म्हणून प्रत्येक गोष्टीला एकेक अक्षर. शब्दाला पैसे पडत असल्यासारखा हा कंजूषपणा आपल्या तारेच्या पिढीला ओळखीचा वाटेल. भारतातली तार जुलै २०१३मध्ये बंद झाली. फ्लाइट प्लॅनची तार अजून चालू आहे.

विमानं मात्र बदलली. उपग्रहाकडून दिशा घेऊ लागली, नियंत्रकाशी बोलण्याऐवजी मजकूर पाठवू लागली, स्वतःचं ठिकाण आपणहून जाहीर करू लागली. एवढं सगळं सांगायला दहाव्या रकान्यातली अक्षरं पुरेनात. मग आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, दस्तऐवज ४४४४मध्ये दुरुस्ती केली. २००८मध्ये मंजुरी, अंमल १५ नोव्हेंबर २०१२पासून. एका अक्षराला आकडे जोडले गेले: मजकुराने बोलण्याच्या सोयीचं एकच ‘जे’ होतं, त्याचे जे१ ते जे७ झाले. अठराव्या रकान्यातल्या नोंदींचा क्रम ठरला. ‘विशेष दर्जा’ म्हणून लोक काहीबाही लिहीत, तिथं तेरा ठरावीक शब्दच चालणार असं झालं. प्लॅन पाच दिवस, म्हणजे १२० तास आधी दाखल करता येऊ लागला, त्यासाठी उड्डाणाची तारीख लिहायची सोय आली.

त्या वर्षी मी पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. डिस्पॅचर लोक प्लॅन तयार करायला वापरतात तो प्रोग्रॅम आम्ही लिहीत होतो. अंमल जागतिक वेळेनुसार मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. आणि १५ नोव्हेंबर २०१२ला नेमकी भाऊबीज. बहीण अक्कलकोटला वाट बघत होती आणि मी ऑफिसात बसून घड्याळ बघत होतो.

नवी अक्षरं घालणं हे आमच्या मते सोपं काम होतं, आणि होतंही. सात खोके जास्त, दोन तपासण्या जास्त. अडकलो ते ‘एस’वर. दहाव्या रकान्यात ‘एस’ म्हणजे ‘स्टँडर्ड’, नेहमीचा संच. जुन्या नियमात त्यात चार गोष्टी होत्या: व्हीएचएफ रेडिओ आणि वाट दाखवणारी तीन उपकरणं, एडीएफ, व्हीओआर आणि आयएलएस. नव्या नियमात एडीएफ गळला, कारण जमिनीवरचे त्याचे बीकन कमी होत चालले होते. ज्याच्याकडे एडीएफ असेल त्याने ‘एफ’ वेगळं लिहायचं. अक्षर तेच, जागा तीच, अर्थ साडेपाचच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा.

आम्ही हुशारी केली. ग्राहकांनी साठवून ठेवलेले जुने प्लॅन होते, रोजच्या मार्गांचे. आम्ही म्हटलं, जुना ‘एस’ म्हणजे नवा ‘एस’ अधिक ‘एफ’. एक छोटी स्क्रिप्ट चालवली आणि सगळीकडे ‘एफ’ जोडून टाकलं. गणित चोख होतं. अंमलाच्या दोन दिवस आधी, नरकचतुर्दशीला, एका ग्राहकाकडच्या वयस्कर डिस्पॅचरचा फोन आला.

“अहो, आमच्या दुसऱ्या विमानाला तुम्ही एडीएफ बसवून दिलात काय?”

मी म्हटलं, “साहेब, जुन्या फॉर्मात एस होतं, त्यात एडीएफ येतंच ना.”

“येतं हो. पण ते काढून टाकून तीन वर्षं झाली. एस आम्ही सवयीने लिहायचो.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या वाक्यापाशी बसलो. जुना ‘एस’ हा कोणी विचार करून केलेला दावा नव्हता; ती हाताला लागलेली सवय होती. आमच्या स्क्रिप्टने त्या सवयीला उचलून ठाम विधान केलं: या विमानात एडीएफ आहे. जुना फॉर्म खोटं बोलत होता, पण तोंडातल्या तोंडात. आम्ही ते खोटं स्पष्ट, सुटं आणि मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, तेही नियम पाळून. पुढचे दोन दिवस आम्ही फोन धरून बसलो आणि प्रत्येक विमानाबद्दल विचारलं. दिवाळीत असा फोन घेणाऱ्यांनी आम्हाला काय म्हटलं ते इथं छापण्यासारखं नाही.

तेव्हापासून माझं मत बनत गेलं की नव्या नियमासाठी सॉफ्टवेअर जुळवून घेताना सगळ्यात धोक्याचा भाग म्हणजे आपोआप होणारं भाषांतर. नवे रकाने निरुपद्रवी असतात, रिकामे दिसतात, माणूस भरतो. जुने रकाने भरलेले दिसतात, म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही. प्रोग्रॅमने जुनं नव्यात ओतून देणं ही सेवा समजली जाते. माझ्या मते जिथं अर्थ हलला आहे तिथं प्रोग्रॅमने ओतू नये, अडून बसावं आणि माणसाला विचारावं. ग्राहक चिडतो, विक्रीचे लोक चिडतात. चिडू द्यावं.

उलट्या दिशेचं भाषांतर तर होतंच होतं. काही देशांची यंत्रणा नव्या फॉर्मला तयार नव्हती, त्यांच्यासाठी मध्ये रूपांतर करणारा बसवावा लागला. जे१ ते जे७ पुन्हा एका ‘जे’मध्ये कोंबले गेले, मजकूर उपग्रहावरून येतो की जमिनीवरच्या रेडिओवरून, हा फरक दहाव्या रकान्यातून पुसला गेला. ‘एस’चं रूपांतर निदान प्रामाणिक होतं: सोबत ‘एफ’ असेल तरच जुना ‘एस’ लिहायचा, नसेल तर सुटी तीन अक्षरं, व्ही, ओ, एल. संच मोडून एकेक वस्तू मोजून द्यायची. वाण्याने पुडी सोडून दाखवावी तसं.

एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीत जाताना काय हरवतं, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या मामांची जमीन दोन्हीकडे आहे, थोडी अफजलपूर तालुक्यात, थोडी अक्कलकोटात. इकडच्या पहाणीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, एकर-गुंठे, तिकडच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर. बोलण्यात दोन्हीकडचे शेतकरी गुंठा आणि आर एकच धरतात, कारण फरक जवळजवळ नाहीच. पण चाळीस गुंठ्यांच्या एकरात आर भरतात ४०.४७. दर एकरी ४७ चौरस मीटरचा हिशोब मधल्या मधे विरतो, गावातल्या एका घराएवढी जागा. दोन भावांत बोलणं आहे तोवर तो कोणाला दिसत नाही. वाटणीचा कागद व्हायच्या दिवशी दिसतो, आणि मग बांधावर काठ्या निघतात. दोष ना गुंठ्याचा, ना आरचा. ‘एकच धर’ म्हणणाऱ्याचा.

नव्या फॉर्मची एकच ठाम तारीख असावी की सवडीने, हा वाद प्रत्येक बदलात येतो. सवडीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मला कळतं. मोठ्या विमान कंपनीकडे माणसं असतात. दोन सेसना विमानांवर चालणाऱ्या प्रशिक्षण संस्थेत फॉर्म भरणारा, हिशोब लिहिणारा आणि चहा सांगणारा एकच असतो. शिवाय प्रत्येक देशाचं आपलं वेगळं असतं. आपल्याकडे हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा एडीसी क्रमांक आणि उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक लागतो, आणि जगाच्या फॉर्मात त्यांना स्वतःचा रकाना नाही. खुद्द अमेरिकेने देशांतर्गत उड्डाणांसाठी आपला वेगळा फॉर्म २७ ऑगस्ट २०१९पर्यंत चालू ठेवला, म्हणजे जगानंतर जवळपास सात वर्षं. तेव्हा गरिबांनाच सवड लागते असंही नाही.

तरीही मी ठाम तारखेच्या बाजूचा आहे, फक्त सूचना भरपूर आधी हवी. २००८ ते २०१२ ही चार वर्षं पुरेशी होती. ज्यांनी वाया घालवली त्यांनी ती तारखेमुळे घालवली नाहीत. सवडीच्या काळात प्रत्येक ‘एस’ला विचारावं लागतं, तू अलीकडचा की पलीकडचा? तारीख ठरली की उत्तर घड्याळ देतं. कर्नाटकात जमिनीच्या नोंदी संगणकावर नेणारा भूमी प्रकल्प आला तेव्हाही हेच केलं. एकेका तालुक्यात संगणकावरची पहाणी सुरू झाली की हाताने लिहिलेल्या पहाणीची कायदेशीर किंमत संपायची. गावात आरडाओरडा झाला. मामांनीही केला, कारण त्यांच्या नावातलं एक अक्षर कन्नडमध्ये भलतंच उमटलं होतं आणि दुरुस्तीसाठी तीन हेलपाटे पडले. पण दोन पहाण्या, एक खिशातली आणि एक कपाटातली, अशी दुहेरी चैन संपली. त्या चैनीवर कोण जगत होतं हे गावाला माहीत होतं.

म्हणूनच पुढच्या बदलाची मला धास्ती वाटते. आयकाओने आता फॉर्मची तार मोडीत काढायचं ठरवलं आहे. एफएफ-आइस नावाच्या नव्या पद्धतीत प्लॅन एकदा पाठवून मोकळं व्हायचं नाही. आधी कच्चा प्लॅन दाखवायचा, वाटेतल्या प्रत्येक यंत्रणेचं उत्तर घ्यायचं, बदलायचा, पुन्हा दाखवायचा. कल्पना उत्तम आहे. पण २०१२चा फॉर्म बंद व्हायची मुदत २०३४ आहे, आणि तोवर दोन्ही शेजारी शेजारी चालणार. म्हणजे इतकी वर्षं मध्ये कोणी तरी ओतणारा बसणार, समृद्ध नोंदीतून तारेत, तारेतून नोंदीत. त्या ओतण्यात काय सांडलं हे पडद्यावर दिसलं पाहिजे, एवढीच अट मी घातली असती. सांडलेलं दाखवणारे प्रोग्रॅम मला फार भेटलेले नाहीत. हिरवी खूण दाखवणारे पुष्कळ भेटले.

कलबुर्गीच्या विमानतळावर आता वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत. विशीतली पोरं तिथं स्वतःचा पहिला प्लॅन भरतात. एडीएफ त्यांच्यापैकी कित्येकांनी फक्त पुस्तकात पाहिला असेल.

गेल्या दिवाळीत मामांना हे सगळं सांगत होतो. त्यांचं लक्ष भलतीकडेच. “तुझ्या त्या चार अक्षरांत आपली करजगी कुठं बसते?”

“बसत नाही मामा. ज्या ठिकाणाला संकेत नाही त्याच्यासाठी चार झेड लिहायचे.”

“निवडणुकीत शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरतं की.”

“त्यालाही चार झेडच. मग अठराव्या रकान्यात गावाचं नाव द्यायचं, आणि अक्षांश-रेखांश.”

मामांनी अडकित्ता खाली ठेवला. “आणि तालुका?”

“तालुका लागत नाही.”

“बघ हं,” ते म्हणाले, “हावेरीला जाईल.”