सेवा आणि वेतन

परभणी जिल्ह्यांतील एखादी मुलगी तीन वर्षें परिचर्येचें शिक्षण घेते, परिषदेच्या दप्तरीं नांव नोंदविते आणि रुग्णालयाच्या दारीं येते, तों पहिला प्रश्न होतो, 'अनुभव किती?' पहिली संधि कोणी दिल्यावांचून अनुभव यावा कोठून? नवशिक्या हातीं रोगी देऊं नये, ही भीति खरी. पण तिला जुन्या परिचारिकेजवळ उभी करणें हा त्यावर उपाय, दारांतून परतविणें हा नव्हे. जेथें जागा मिळते तेथेंही ती बहुधा कंत्राटी. 2020 च्या साथींत नेमलेल्या अनेक परिचारिकांस साथ ओसरतांच निरोप मिळाला. आमच्या थाळ्या तोंपर्यंत वाजवून झाल्या होत्या.

'सेवेचें मोल कसलें मागावयाचें?' असें कोणी म्हणेल. 1909 मध्यें स्थापन झालेल्या पुणें सेवासदनाच्या द्वारें रमाबाई रानडे यांनीं स्त्रियांस परिचर्येच्या शिक्षणाकडे वळविलें, तें त्यांनीं, विशेषतः विधवांनीं, स्वतःच्या पायांवर उभें राहावें म्हणून. सेवा व उपजीविका यांत त्यांना विरोध दिसला नाहीं. त्याग करण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. दुसऱ्याच्या त्यागावर आपलें अंदाजपत्रक जुळविणें आम्हांस नीतीला धरून वाटत नाहीं. आम्ही प्राध्यापकही विद्यादानास पवित्र म्हणतों, पण पगाराची तारीख कधीं विसरलों नाहीं!

शिवाय प्रश्न एकट्या तिचा नाहीं. ती घरीं बसलेली असते त्या रात्रीं कोठेंतरी एकाच परिचारिकेवर अख्खा कक्ष सोंपविलेला असतो, आणि सलाईन संपल्याचें सांगावयास रोग्याची म्हातारी आई अंधारांत धांवत असते.